वृद्धाश्रमात खरूज: सगळ्यांवर एकाच रात्री उपचार कसे करायचे

वृद्धाश्रमात शिरलेली खरूज एका फेरीत गेली असे क्वचितच होते. क्रीम लावले जाते, खाज कमी होते, महिन्या-दीड महिन्याने शेजारच्या खोलीतली आजी खाजवायला लागते आणि मग पुन्हा पहिल्या खोलीत तेच. मग डॉक्टर बदलतात, औषध बदलते, कुठे कुठे तर गाद्यासुद्धा जाळतात. औषधात बहुतेक वेळा काही खोट नसते. ज्याला खाज त्यालाच क्रीम, बाकीचे मोकळे, हा हिशेब चुकतो.

खरजेची कीड अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून रोज दोन-तीन अंडी घालते. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा लागण झाली त्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस तो माणूस धडधाकट दिसतो आणि जवळच्यांना कीड देत राहतो. आज खाजवणारे तीन दिसत असतील तर न खाजवणारे आणखी काही आहेत असेच धरून चाला. म्हणून खाली दिलेल्या क्रमात प्रत्यक्ष क्रीम लावणे चौथ्या टप्प्यावर येते. आधीचे तीन टप्पे नीट केले नाहीत तर चौथा वाया जातो.

## टप्पा १: खरूजच आहे का, ते ठरवा

नागपुरात एप्रिल-मेमध्ये कोणी खाजवायला लागले की ठरलेले उत्तर येते, "घामोळ्या आहेत जी." डिसेंबर-जानेवारीत तेच अंग "थंडीनं उललं" असते. दोन्ही खरेही असू शकते, म्हणून अंगावरचे कपडे बाजूला करून, पडदा ओढून, टॉर्च घेऊन बघा.

बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, कोपर, काख, बेंबीभोवती, कमरेच्या नाडीची जागा, बायकांमध्ये स्तनांखाली, पुरुषांमध्ये जननेंद्रियावर, आणि मांड्यांच्या आत. बारीक पुरळ, ओरखडे, कुठे कुठे पेन्सिलीने ओढल्यासारखी अर्धा-एक सेंटिमीटरची वाकडी रेघ. अंथरुणाला खिळलेल्यांची पाठ आणि कुल्ले विसरू नका. म्हातारपणी खरूज पुस्तकातल्या चित्रासारखी दिसत नाही, डोक्यात आणि कानामागेही सापडते.

स्मृतिभ्रंश झालेले आजोबा "खाज येते" असे सांगणार नाहीत. ते रात्री झोपत नाहीत, चिडतात, कपडे ओढतात, डायपर काढून फेकतात. रात्रपाळीच्या मावशीला विचारा, तिला हे सगळ्यांत आधी कळते.

निदान त्वचारोगतज्ज्ञांकडूनच करून घ्या. सगळ्यांना रिक्षात घालून नेण्याची गरज नाही. स्पष्ट पुरळ असलेल्या दोघा-तिघांना नागपुरातल्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयोच्या (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मिहानमधल्या एम्सच्या स्किन ओपीडीत न्या, किंवा एखाद्या स्किनच्या डॉक्टरांना आश्रमात येण्याची विनंती करा. डॉक्टर भिंगातून बघतील, लागले तर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतील. खरवडीत कीड सापडली नाही म्हणजे खरूज नाही, असे मात्र नसते. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर दहा-पंधराच किडे असतात.

इशारा: डॉक्टरांनी बघेपर्यंत मेडिकल स्टोअरवाल्याने दिलेली "खाज-खुजलीची" मिश्र क्रीम लावू नका. त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असते. खाज दबते, पुरळाचे रूप बदलते, कीड आरामात वाढते, आणि पुढे डॉक्टरांनाही ओळखायला जड जाते.

आठ आठवड्यांच्या आत एकमेकांशी संबंध आलेल्या दोघांना खरूज निघाली तर तो आश्रमातला उद्रेक समजा आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या संपूर्ण मजल्यासाठी किंवा संपूर्ण आश्रमासाठी करा. एकच रुग्ण असेल तर त्याचे खोलीतले सोबती आणि त्याला रोज हात लावणारे कर्मचारी यांच्यापुरते करता येते.

## टप्पा २: याद्या

हा टप्पा कंटाळवाणा आहे, आणि सगळे इथेच बिघडते. उपचाराची तारीख यादी पूर्ण झाल्यावर ठरवा, आधी नाही.

पहिली यादी रहिवाशांची. नाव, खोली, वजन, चालू औषधे, ॲलर्जी, कातडीवर जखमा आहेत का. वजन आयव्हरमेक्टिनच्या गोळीच्या (टप्पा ३ बघा) मात्रेसाठी लागते, अंदाजाने लिहू नका. जे उभे राहू शकत नाहीत त्यांना व्हीलचेअरसकट किराणा-धान्याच्या दुकानातल्या प्लॅटफॉर्म काट्यावर तोला आणि व्हीलचेअरचे वजन वजा करा. जे सध्या आश्रमात नाहीत तेही यादीत हवेत. मुलाकडे लग्नाला गेलेल्या आजी, हॉस्पिटलात भरती असलेले आबा. हॉस्पिटलला फोन करून सांगा, नाहीतर तिथल्या सिस्टर अडकतील आणि आबा परततील तेव्हा खरूज पुन्हा तुमच्याच दारात.

दुसरी यादी कर्मचाऱ्यांची. मावशी, दादा, सिस्टर, रात्रपाळीवाले, ब्युरोकडून (माणसे पुरवणाऱ्या संस्थेकडून) बदलीवर येणारे. स्वयंपाकीण आणि चौकीदार कुणाच्या अंगाला हात लावत नसतील, तरी त्यांना विचारून घ्या. मग ज्यांना कोणी कर्मचारी म्हणत नाही ते लिहा: फिजिओथेरपिस्ट, केस कापायला येणारा न्हावी, आणि मालीश करणारी बाई. ही शेवटची नोंद फार महत्त्वाची. साधी खरूज पसरायला कातडीला कातडी बराच वेळ लागावी लागते, दहा-पंधरा मिनिटे तरी. उभ्या उभ्या हात मिळवल्याने सहसा काही होत नाही. पण रोज सकाळी पाच जणींच्या अंगाला तेल लावणारा हात पाचही जणींना एका साखळीत बांधतो. उद्रेक आटोक्यात येईपर्यंत मालीश बंद ठेवा, त्या बाईंचा मेहनताना बंद ठेवू नका. पैसे कापले जातील या भीतीने माणसे खाज लपवतात.

तिसरी यादी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांची. एका अंथरुणात झोपणारी मुले, नवरा, सासू. मावशी आश्रमात क्रीम लावून घरी गेली आणि घरी खाजवणाऱ्या लेकराला कुशीत घेऊन झोपली, तर आठवड्याने ती पुन्हा कीड घेऊन कामावर येईल. घरच्यांच्या औषधाचा खर्च आश्रमाने करावा. हे काही औदार्य नाही, त्याशिवाय उपचार अर्धवट राहतात. घरात तान्हे बाळ असेल किंवा कोणी गरोदर अथवा अंगावर पाजणारी असेल तर त्यांची नावे डॉक्टरांना वेगळी सांगा, त्यांना गोळी सहसा देत नाहीत.

कर्मचाऱ्यांच्या बैठकीत एक वाक्य हमखास येते, "मले तं खाज नाही, मी काऊन लावू?" त्याचे उत्तर वर दिले आहे: खाज यायला महिना-दीड महिना लागतो. हे चिडून नाही, शांतपणे सांगा, आणि व्यवस्थापकांनी आपण स्वतःही त्याच रात्री क्रीम लावणार आहोत हे सांगा. त्याचा परिणाम भाषणाहून जास्त होतो.

नातेवाइकांना फोन करा. गेल्या महिन्या-दीड महिन्यात जे येऊन जवळ बसले, हात धरून बसले, मुक्कामाला घेऊन गेले, त्यांनी डॉक्टरांना दाखवावे एवढेच सांगायचे. "तुमच्याकडे स्वच्छता नाही का?" असे कोणीतरी विचारेलच. खरूज रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही होते, हे सरळ सांगा. लपवलेली बातमी वॉचमनकडून कळली तर विश्वास कायमचा जातो.

तपासा: यादीतल्या प्रत्येक नावापुढे वजन, औषध आणि "त्या रात्री कुठे असणार" हे भरले आहे का? एकही रकाना रिकामा असेल तर तारीख पुढे ढकला.

## टप्पा ३: औषध आणि सामान आधी आणून ठेवा

सामान्यतः दिले जाते ते ५ टक्के परमेथ्रिन क्रीम. ट्यूब हातात घेऊन टक्के वाचा. १ टक्क्याचे परमेथ्रिन उवांसाठी असते, ते खरजेला पुरत नाही. मध्यम बांध्याच्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागते, धिप्पाड माणसाला जास्त. २५ रहिवासी आणि १० कर्मचारी असतील तर दोन वेळांच्या मिळून ३० ग्रॅमच्या ७० ट्यूब, वर घरच्यांच्या आणि थोड्या राखीव. एवढा साठा कोपऱ्यावरच्या दुकानात नसतो. दवा बाजारात आठवडाभर आधी सांगून ठेवा, चिठ्ठी सोबत न्या.

आयव्हरमेक्टिनची गोळी डॉक्टरांनी सांगितली तर मात्रा वजनावर असते, दर किलोला २०० मायक्रोग्रॅम. ६० किलोला १२ मिलिग्रॅम, ४५ किलोला ९. बाजारात १२ची गोळी सहज मिळते म्हणून ती सरसकट वाटून टाकू नका. ३८ किलोच्या आजींना ती जास्त होते, ८० किलोच्या आजोबांना कमी पडते. गोळी जेवणानंतर द्यावी. वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा लिव्हरचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

जुन्या चिठ्ठ्यांवर अजूनही गॅमा बेन्झिन हेक्साक्लोराइड, म्हणजे लिंडेन, लिहिलेले सापडते. वृद्धांसाठी, त्यातही ज्यांना कधी फिट आली आहे त्यांच्यासाठी, ते धोक्याचे आहे. कपाटात उरलेली बाटली वापरू नका. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ, हळद, करंजाचे तेल, गंधकाचा साबण यांनी एखाद्याला बरे वाटत असेल, पण उद्रेक यांनी थांबत नाही. आणि त्यावर विसंबून गेलेले दोन आठवडे किडीच्या पथ्यावर पडतात.

बाकी सामान: हातमोजे, लांब बाह्यांचे गाऊन, नेलकटर, प्रत्येकाला एक जुना मऊ टूथब्रश (नखांखाली क्रीम लावायला), मोठ्या जाड प्लास्टिक पिशव्या, चिकटपट्टी, मार्कर, आणि प्रत्येकासाठी धुतलेल्या कपड्या-चादरींचे दोन जोड.

## टप्पा ४: उपचाराची रात्र

एका कर्मचाऱ्याकडे पाच-सहा जणांहून जास्त देऊ नका. अंथरुणावरच्या माणसाला नीट क्रीम लावायला अर्धा तास सहज लागतो. घाई झाली की पाठ आणि पाय राहतात.

१. दुपारीच सगळ्यांची नखे बारीक कापा.

२. संध्याकाळी आंघोळ घालायची असेल तर कोमट पाण्याने, आणि क्रीमच्या बऱ्याच आधी. गरम पाण्याने लाल झालेल्या, ओल्या अंगावर क्रीम लावू नये. अंग थंड आणि कोरडे हवे.

३. जेवण सातला उरका, गोळी द्यायची असेल तर द्या, आठला क्रीम सुरू करा.

४. अंगावरचे सगळे उतरवा. करदोडा, मनगटाचा काळा दोरा, गंडा, तुळशीची माळ, जोडवी, बांगड्या, घड्याळ. करदोड्याखालची जागा हमखास कोरडी राहते. कापायला नको म्हणत असतील तर त्यांच्यासमोर नवा आणून ठेवा आणि सकाळी आंघोळीनंतर बांधा. बांगडी किंवा जोडवी निघतच नसेल तर सरकवून खाली क्रीम लावा. हे काम विनवून करायचे, ओढून नाही.

५. डोक्यापासून सुरुवात. वृद्धांमध्ये टाळू, कपाळ, कानामागे आणि कानाच्या पाळ्या, चेहरा, सगळीकडे लावायचे. डोळ्यांभोवतीचा आणि ओठांचा भाग सोडा. मग मान, काखा, स्तनांखाली, बेंबी, जांघा, कुल्ल्यांची घडी, गुडघ्यामागे, तळपाय, पायाच्या बोटांच्या बेचक्या. शेवटी हातापायांच्या नखांखाली टूथब्रशने.

६. धुतलेले कपडे घाला, बदललेल्या चादरीवर झोपवा.

७. ८ ते १४ तास क्रीम अंगावर राहू द्या. रात्री आठचे सकाळी आठला धुतले तर मधले बारा तास होतात.

रात्रभरात डायपर बदलला तर त्या भागावर पुन्हा लावा. हात धुतले तर हातांवर पुन्हा. ही चूक इतकी सर्रास होते की रात्रपाळीच्या टेबलावर एक उघडी ट्यूब आणि ही सूचना लिहून ठेवावी. मे महिन्यात घामाने क्रीम ओघळते, त्यामुळे त्या रात्री कूलर बंद पडणार नाही हे बघा, टाकीत पाणी आधी भरून ठेवा.

कर्मचाऱ्यांनी स्वतःला क्रीम सगळ्यांत शेवटी लावायचे, काम संपल्यावर. आधी लावले तर हातमोज्यांच्या घामात आणि हात धुण्यात ते जाते. दिवसपाळीवाल्यांनी आणि घरच्यांनी तीच रात्र पाळायची. ज्यांना खरूज आहे त्या कर्मचाऱ्यांना पहिली मात्रा धुऊन झाल्यावर कामावर येता येते, महिनाभर घरी बसवण्याची गरज नाही.

तपासा: यादीवर प्रत्येक नावापुढे वेळ आणि लावणाऱ्याची सही.

## टप्पा ५: सकाळ, कपडे आणि अंथरूण

माणसाच्या अंगावरून सुटलेली कीड साधारण दोन-तीन दिवसांत मरते. त्यामुळे गेल्या तीन-चार दिवसांत वापरलेलेच कपडे, चादरी, टॉवेल, रुमाल, स्वेटर काढायचे. कपाटातली घडीची लुगडी, ट्रंकेतली शाल तशीच राहू द्या. उत्साहाच्या भरात अख्खे कपाट धुवायला काढतात, मावश्या दमून जातात आणि दोन माणसांना क्रीम लावायचे राहून जाते, असे घडते.

कपडे झटकू नका, खोलीतच पिशवीत भरा. ५० अंशांच्या वरच्या पाण्यात दहा मिनिटे कीड तगत नाही. मशीनमध्ये गरम पाण्याची सोय असेल तर ६० अंशांवर लावा. वरून कपडे टाकायच्या साध्या मशीनला ती बहुधा नसते, तेव्हा बंबातल्या किंवा पातेल्यातल्या कडक पाण्यात आधी भिजवा. कपडे बाहेर धोब्याकडे जात असतील तर त्याला सांगा आणि पिशवी बांधूनच द्या.

जे धुता येत नाही, म्हणजे रजई, उशी, चप्पल, गुडघ्याचा पट्टा, ते पिशवीत घालून चिकटपट्टीने बंद करा आणि वर तारीख लिहा. चार दिवस पुरतात. पावसाळ्यात आणि थंडीत मी पूर्ण आठवडा सांगेन, कारण गार आणि दमट हवेत कीड जास्त टिकते. उन्हाळ्यातही कूलरची खोली गार-दमटच असते, बाहेर ४५ अंश आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. गच्चीवरचे मे महिन्याचे ऊन कामाचे आहे, पण गादीच्या आतपर्यंत ते पोचतेच असे नाही. कापसाच्या गादीवर आठवडाभर रेक्झिनचे किंवा जाड प्लास्टिकचे आवरण घाला, वर धुतलेली चादर. रेक्झिनची गादी, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, बीपीचा पट्टा साबणाच्या पाण्याने पुसा.

इशारा: खोल्यांत कीटकनाशकाची फवारणी करून घेऊ नका. खरजेसाठी तिचा उपयोग नाही, आणि दम्याच्या रुग्णाला ती भारी पडू शकते. ढेकूण असतील तर तो वेगळा विषय, वेगळ्या दिवशी.

## टप्पा ६: दुसरी मात्रा

गोळी अंड्यांवर चालत नाही. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, त्यातून निघालेली पिल्ले मोठी होऊन पुन्हा अंडी घालायच्या आत दुसरी मात्रा पडायला हवी. क्रीम पुन्हा साधारण सात दिवसांनी, गोळी सात ते चौदा दिवसांनी, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला. उद्रेकात दुसरी मात्रा सहसा सगळ्यांनाच सांगतात. पहिल्या फेरीनंतर खाज उतरलेली असते, उत्साहही उतरलेला असतो, म्हणून दुसरी तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा. दिवाळी, महालक्ष्म्या, लग्नसराई यांच्या तोंडावर दुसरी रात्र येत असेल तर पहिलीच पुढे-मागे करा.

## टप्पा ७: खाज राहिली तर

राहणारच. मेलेल्या किडीचे अवशेष कातडीत असतात, त्यांची खाज दोन ते चार आठवडे चालते. इथे घाबरून दर दोन दिवसांनी क्रीम लावत राहिले तर कातडी जळजळते आणि त्याचीच नवी खाज सुरू होते. खोबरेल तेल किंवा साधे मॉइश्चरायझर लावा, तेही ज्याचे त्याने किंवा हातमोजे घालून. खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून द्या. गुंगी आणणाऱ्या गोळीने रात्री बाथरूमला उठलेल्या आजी पडतात, आणि मांडीचे हाड मोडणे खरजेहून फार मोठे संकट आहे.

चार आठवड्यांनंतरही नवे पुरळ किंवा नव्या रेघा दिसत असतील तर उपचार फसले असे समजून यादीकडे परत जा. कोण सुटले होते ते तिथेच सापडेल. ओरखड्यांत पू, सूज, ताप दिसला तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

दुसऱ्या मात्रेनंतर सहा आठवडे दर आठवड्याला सगळ्यांचे अंग तपासा आणि तारीख घालून नोंद ठेवा.

## जाड खपल्यांची खरूज: हिचे वेगळे

वारंवार उद्रेक होत असेल तर आधी हा रुग्ण शोधा. हात, पाय, कान, नखांभोवती जाड, राखाडी, भुसभुशीत खपल्या. खाज कमी किंवा नाहीच, म्हणून कोणी तक्रार करत नाही आणि "सोरायसिस असेल" किंवा "कातडी कोरडी आहे" म्हणून वर्षभर तेल लावले जाते. लकव्याने अंग गेलेले, स्मृतिभ्रंश झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, प्रतिकारशक्ती खालावलेले वृद्ध यात सापडतात. यांच्या अंगावर हजारोंनी, कधी लाखोंनी किडे असतात. थोड्या वेळच्या स्पर्शाने, चादरीवर पडलेल्या खपल्यांतूनही लागण होते.

अशा रुग्णाला स्वतंत्र खोली, ठरलेले एक-दोनच कर्मचारी, प्रत्येक वेळी गाऊन आणि हातमोजे, रोज चादर बदलणे, रोज खोली ओल्या फडक्याने पुसणे. त्याचे कपडे आणि रजई आठवडाभर बंद. औषध नेहमीच्या दोन मात्रांत भागत नाही. गोळ्या १, २, ८, ९ आणि १५ व्या दिवशी, कधी त्याहून जास्त, सोबत रोज क्रीम आणि खपल्या मऊ करणारे मलम, असा क्रम डॉक्टर लावतात. हे आश्रमाने आपल्या मनाने करायचे काम नाही. आणि त्या माणसाशी बोलणे बंद होऊ देऊ नका. खोली वेगळी केली की दारातूनच ताट सरकवायची सवय लागते. गाऊन घालून दहा मिनिटे खुर्चीवर बसता येते.

## टप्पा ८: पुन्हा शिरू नये म्हणून

नवा रहिवासी येतो त्या दिवशी बीपी-शुगरसोबत पडद्याआड संपूर्ण अंग बघायचे. हॉस्पिटलातून किंवा मुलाकडून परतलेल्यांचेही. चार आठवड्यांनी पुन्हा एकदा बघायचे, कारण पहिल्या दिवशी काही दिसणार नाही अशी शक्यता मोठी. ब्युरोच्या नव्या माणसाला "घरात कोणी खाजवतंय का?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा, नोकरी जाणार नाही हे सांगूनच.

प्रत्येकाचा टॉवेल, कंगवा, पांघरूण वेगळे, त्यावर नाव. थंडीत दान आलेल्या वापरलेल्या ब्लँकेटांचा ढीग थेट खोल्यांत वाटू नका, आठवडाभर बांधून ठेवा किंवा गरम पाण्यात धुवा. आंघोळ घालणाऱ्या मावशीला महिन्यातून एकदा कुठे कुठे बघायचे ते दाखवा, आणि तिने "आजीच्या बोटात काहीतरी दिसतंय" असे सांगितले तर त्याच दिवशी टॉर्च घेऊन जा.